कार्ड मशीनच्या ड्रॉवरमध्ये राहणार आहे

रविवार, रात्र

आज माझ्या कामाची व्हिजिटिंग कार्डं कापून झाली. घरीच डिझाईन केली, घरीच छापली, घरीच कापली, आणि आता टेबलावर गठ्ठा करून ठेवलीयेत. खूप बरं वाटतंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, पंचवटी, जिथून फोन येईल तिथे बॅग घेऊन जाते. आधी ब्लाउज शिवायचे, मग स्वतःचं मशीन स्वतः उघडायला लागले, मग शेजारणींची, आणि आता हेच काम आहे. आत्तापर्यंत कामं तोंडोतोंडीच मिळाली, पण गिऱ्हाईक म्हणतं ताई कार्ड द्या ना, नंबर कुठल्या नावाने सेव्ह केला ते सापडतच नाही. खरंच आहे ते. मशीन वर्षातून एकदा बिघडणार, तोवर फोन बदललेला असतो.

प्रेसमध्ये विचारलं तर एक हजाराच्या खाली छापत नाहीत म्हणाले, आणि डिझाईन त्यांच्या कॅटलॉगमधलंच, कोपऱ्यात सोनेरी वेल आणि मधे कात्री. हजार कार्डं मला नकोच होती, आणि खरं सांगायचं तर मला ते कार्ड माझ्या कामाचं वाटतच नव्हतं. कारण माझं कार्ड कुठे राहणार ते मला माहितीये. ते कोणाच्या पाकिटात राहणार नाही, ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये राहणार, बॉबिन, खडू, टेप, तुटलेल्या सुया आणि तेलाची बाटली यांच्यात. म्हणजे त्याला तेल लागणारच. आणि मशीन अडलं की हात आधी तिथेच जातो. सगळं डिझाईन मी या एका गोष्टीवरून केलं.

पहिल्यांदा कागद. झेरॉक्सचा कागद असतो ना तो ७०-८० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. ए४ चे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे ८० चा एक कागद ५ ग्रॅम. प्रेसवाले कार्डाला ३०० च्या आसपास वापरतात. माझ्या घरच्या प्रिंटरला तेवढा जाड झेपत नाही, कारण समोरच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळून जातो, मागच्या ट्रेमधून टाकला तर कमी वळतो. मेन रोडच्या कागदाच्या दुकानातून २१० जीएसएमचा मॅट आयव्हरी, म्हणजे न चमकणारा जाड कागद आणला, एका वेळी एकच कागद मागून सोडायचा आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार मॅट निवडायचा. दुकानदार ग्लॉसी दाखवत होता, दिसतो छानच, पण त्यावर बॉलपेन चालत नाही, आणि मला कार्डावर पेनाने लिहायचंय. लॅमिनेशन पण त्याच कारणासाठी नको. (आणि सध्याच्या पावसाळी हवेत उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवायचे, नाहीतर कडा वर येतात आणि प्रिंटर ते ओढतच नाही.)

मग शाई. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिग्मेंट आहे आणि बाकीचे तीन रंग डाय. काही प्रिंटरमध्ये चारही डाय असतात, ते बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीत बघून घ्यायचं. डाय शाई कागदात मुरते आणि पाण्याने पसरते, पिग्मेंटचे बारीक कण असतात ते वाळल्यावर बऱ्यापैकी टिकतात. मी एका नमुन्यावर पुढे लाल पट्टी आणि काळा नंबर, मागे मजकूर छापला, पूर्ण वाळू दिला, मग एका कोपऱ्याला पाणी आणि दुसऱ्या कोपऱ्याला मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवून दिला. सकाळी लाल पट्टी पाण्याच्या बाजूला गुलाबी होऊन पसरलेली, काळा नंबर जसाच्या तसा. तेलाच्या जागी मात्र वेगळंच झालं होतं, शाई हलली नव्हती पण कागद पारदर्शक झाला होता आणि मागचा मजकूर पुढे दिसत होता! हे बघितलं म्हणून पुढचं ठरवता आलं. कार्ड पूर्ण काळ्या शाईतच. आणि पुढे जिथे फोन नंबर आहे तिथे मागच्या बाजूला काहीच छापायचं नाही, म्हणजे तेल लागून कागद पारदर्शक झाला तरी नंबर नीट वाचता येतो. मला ही गोष्ट फार आवडलीये.

रंग नाही म्हटल्यावर सगळा भार अक्षरांवर आला. आणि शिलाई या शब्दात श पण आहे आणि ल पण, नेमकी तीच दोन अक्षरं जी बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाची येतात. आपला देठाचा श आणि पाकळीचा ल, शाळेत फळ्यावर गिरवलेला, तो मला मोठ्या अक्षरात पाहिजेच होता. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं सांगितलीयेत. शोधता शोधता टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट सापडला, त्यात दोन्ही बरोब्बर येतात. "शिलाई मशीन दुरुस्ती" एवढी ओळ त्यात केली. पण त्याच्या रेषा कुठे जाड कुठे बारीक, लहान साईझला बारीक रेषा माझ्या प्रिंटरवर तुटक येतात, म्हणून खालचा मजकूर मुक्ता या फॉन्टमध्ये, तो मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला आहे. दोन्ही फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्याला वापरायची परवानगी आहे, त्यामुळे मनाला टोचणी नाही. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये सगळं मांडलं, ते पण फुकट, आणि युनिकोड असल्यामुळे जोडाक्षरं फुटत नाहीत.

फोन नंबर सगळ्यात मोठा, नावापेक्षाही मोठा. पंचवटीतल्या मावशींनी आधीच बजावलं होतं, "ताई, नंबर मोठा घाल हो, मशीन अडलं की मी चष्मा शोधू की कार्ड?" नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवला कारण फोनच्या बटणांवर तेच असतात, बघून बघून दाबणाऱ्या बायकांना सोपं जातं. बाकी आकडे मराठी.

क्यूआर कोड घालू की नको यावर लेकीशी बरीच चर्चा झाली, तिचं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपला डायरेक्ट मेसेज जाईल, आणि ते बरोबर आहे, बायका मला आवाज रेकॉर्ड करून पाठवतात मशीनचा, खडखड कुठून येतेय ते मला ऐकूनच अर्धं कळतं. म्हणून घातला. कोड बनवताना दुरुस्तीची पातळी निवडता येते, सगळ्यात वरची घेतली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, तेलाच्या डागासाठी ती पाहिजेच. फक्त त्याने ठिपके दाट होतात, म्हणून लिंक लहान ठेवली आणि कोड २ सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा घेतला, चारी बाजूंनी पांढरी जागा सोडली.

मागची बाजू ही माझी लाडकी. तिथे सुयांचे नंबर दिलेत: ११ जॉर्जेट-सिल्कसारख्या पातळ कापडाला, १४ रोजच्या सुतीला, १६ जीन्सला, १८ त्याहून जाडाला. टाके सुटतात म्हणून मला बोलावतात त्यातल्या कितीतरी वेळा मशीन चांगलंच असतं, सुई बोथट किंवा चुकीच्या नंबरची असते. मला माहितीये की हे छापलं तर माझ्या काही फेऱ्या कमी होतील. होऊ देत. ज्या बाईचं काम लगीनसराईत अडलंय तिला आधी सुई बदलून बघता आली पाहिजे. त्याखाली एक रेघ, "शेवटची सर्व्हिसिंग", तिथे मी पेनाने तारीख घालणार. कार्ड जपून ठेवायला तिला कारण मिळतं.

नाशिकरोडला माझ्या एका गिऱ्हाईक काकूंचे मिस्टर करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेत. १९२८ पासूनची प्रेस आहे ती, त्यांचे वडीलही तिथेच होते. नमुना त्यांना दाखवला. मी कडेने चारी बाजूंनी बारीक चौकट काढली होती, दोन्हीकडे. काकांनी कार्ड खिडकीकडे धरलं, मग खिशातून पाचशेची नोट काढली आणि म्हणाले, "ही उजेडात धर, डावीकडे बघ." तिथे आकड्याचे अर्धे तुकडे पुढून छापलेले आणि अर्धे मागून, उजेडात दोन्ही जुळून पूर्ण ५०० दिसतो. "याला रजिस्टर म्हणतात. आमच्याकडे हे जुळवायला केवढी मशिनरी. तुझ्या घरच्या प्रिंटरला हे जमवायला लावू नको, तो कागद दर वेळी थोडा इकडेतिकडे घेणार. चौकट काढलीस की ते सरकणं डोळ्यात भरतं. काढून टाक." काढली, आणि मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत घेतला. आता एखादं कार्ड मिलिमीटरभर सरकलं तरी कळत नाही. एवढा मोठा माणूस माझ्या एवढ्याशा कार्डाला इतका वेळ देतो, मला फार भरून आलं होतं.

साईझ मी डेबिट कार्डाची घेतली, ८६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे कोणी छोट्या पर्समध्ये ठेवलंच तर बाहेर डोकावणार नाही. ए४ वर दोन रांगांत पाच-पाच, दहा बसतात. प्रिंट देताना फिट टू पेज काढून १०० टक्के ठेवायचं, नाहीतर सगळं थोडं आकसतं आणि कापायच्या खुणा मापात येत नाहीत. पहिला कागद निघाला की पट्टीने मोजायचा, मगच पुढचे.

कापणं आज दुपारभर चाललं. कात्री नाही वापरली, कात्रीने जाड कागदाची कड वळते. स्टीलची पट्टी, नवीन ब्लेड घातलेला कटर, खाली जाड पुठ्ठा. एका दमात दाबून कापायला गेलं की पट्टी सरकते, त्यापेक्षा हलक्या हाताने त्याच रेषेवर तीन-चारदा ओढायचं, शेवटच्या वेळी कागद आपोआप सुटतो आणि कड अगदी स्वच्छ येते. पट्टी नेहमी कार्डावर ठेवायची आणि ब्लेड बाहेरच्या बाजूला, चुकून घसरलंच तर कात्रणावर जातं. कापडावर एवढी वर्षं हात चाललाय त्यामुळे सरळ रेषेची भीती नाही वाटली.

आता अंबडच्या एका छोट्या युनिटमधून बोलावणं आलंय, तिथे सगळी पॉवरची, म्हणजे कारखान्यातली मोटरवरची मशीनं, त्यांच्या सुया वेगळ्या, गोल दांड्याच्या, डीबी प्रकारच्या, आपल्या घरगुती चपट्या दांड्याच्या सुया त्यांना बसतच नाहीत. त्या कार्डाची मागची बाजू वेगळी करावी लागणार. घरी छापायचं असल्यामुळे दोन कागद, वीस कार्डं, बास. फाईलची कॉपी करून ठेवलीये, सुयांचा तक्ता बदलायचा बाकी आहे, तो तिथल्या मास्तरांना विचारून घालते.