'इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?' तुम्ही विचारलंत म्हणून

मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते हे कळलं की लग्नात, गाडीत, सोसायटीच्या गच्चीवर हमखास प्रश्न येतो: "मॅडम, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?" करोनानंतर तर फारच. दर वेळी घाईत काहीतरी सांगते आणि मग ते मनाला लागून राहतं. आज नीट सांगते.

आधी माझ्या आत्याचे हात. आत्याला आमवात आहे. सकाळी तास-दीड तास तिची मूठ वळत नाही. कणीक मळायची तर मनगटाने रेटते, कुकरचं झाकण शेजारची मुलगी लावून देते. तिच्या बोटांच्या सांध्यांवर हात ठेवला तर ते गरम लागतात. तिची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती जोरात चालू आहे, तिच्याच सांध्यांवर. आणि तिलाही कुणीतरी 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर आणून दिली होती. तिने ती दोन महिने श्रद्धेने घेतली.

असं का होतं? टी पेशी ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींतली एक जात. प्रत्येकीच्या अंगावर एक रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा रेणू असतो, आणि तो घडताना जनुकाचे तुकडे कसेही जुळतात. म्हणूनच कधी न पाहिलेल्या विषाणूलाही ओळखणारी एखादी पेशी आपल्यापाशी तयार असते. पण अशा जुळणीत आपल्याच सांध्याला, आपल्याच स्वादुपिंडाला परकं समजणाऱ्याही निघणारच. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्यांची चाळणी होते. शंभरातल्या जेमतेम दोन-पाच बाहेर पडतात. तरी काही निसटतात.

म्हणून पुढची व्यवस्था. रिसेप्टरला ओळख पटली तरी टी पेशी लगेच तुटून पडत नाही. समोरच्या पेशीकडून सीडी-२८ या दुसऱ्या रिसेप्टरला होकार यावा लागतो, आणि तो सहसा जंतूंची चाहूल लागल्यावरच येतो. नुसती ओळख पटली, होकार नाही, तर पेशी बधिर होऊन बसते. होकार मिळून ती कामाला लागली की तिच्याच अंगावर सीटीएलए-४ हा तिला आवरणारा रिसेप्टर येतो आणि सीडी-२८ ज्या रेणूंना धरतो तेच त्याच्याहून घट्ट धरून ठेवतो. पेशी प्रत्यक्ष लढते तिथे पीडी-१ हा आणखी एक रिसेप्टर लगाम ओढतो. १९९५ मध्ये सीटीएलए-४ नसलेले उंदीर तयार केले, ते तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्याच टी पेशी हृदयात, स्वादुपिंडात शिरल्या होत्या.

शिवाय इतरांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशीही असतात. शिमोन साकागुची यांनी त्या दाखवल्या, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं जनुक शोधलं. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं.

आता 'वाढवणं'. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा धडधाकट तरुणांना टीजीएन१४१२ हे नवं औषध टोचलं. ते सीडी-२८ ला थेट चेतवत होतं; ओळख पटण्याची गरजच उरली नव्हती. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी मात्रा होती. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण एकाला पायाची बोटं गमवावी लागली. हा प्रसंग वर्गात सांगताना आजही माझा आवाज खाली येतो.

लगाम सैल करावा लागतो असंही घडतं. कर्करोगाच्या गाठी पीडी-१ चा लगाम स्वतःच ओढून धरतात. असे लगाम सोडवणारी औषधं सीटीएलए-४ वर जेम्स अ‍ॅलिसन आणि पीडी-१ वर तासुकु होंजो यांनी केलेल्या कामातून आली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे पीडी-१ चा लगाम सोडवणारं औषध नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत केमोच्या गोळ्यांसोबत दिलं. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. मला या कामाचा फार अभिमान वाटतो. पण याच जातीच्या औषधांनी काहींचं आतडं सुजतं, थायरॉईड बिघडते, सांधे धरतात.

तर काय घ्यावं? लस घ्या, वेळेवर. ती नेमक्या पेशींना नेमका जंतू दाखवते. पोटभर जेवा, झोपा. पावडरीचे पैसे ठेवून द्या, आणि घरात कुणाला आमवात किंवा ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय 'बूस्टर' देऊच नका, ही माझी कळकळीची विनंती.

आत्याला गेल्या वर्षी अ‍ॅबाटासेप्ट हे औषध सुरू केलं. ते सीटीएलए-४ च्याच तुकड्यापासून बनतं, म्हणजे तिला लगामच टोचतात. सकाळचा तास आता वीस मिनिटांवर आलाय. परवा फोनवर म्हणाली, थालीपीठ स्वतः थापलं. कडा जरा जाड राहिल्या.