बॅग दाबतेय, पण छाती हलत नाही

नाशिकमध्ये आम्ही बहुतेक भूलतज्ज्ञ फिरतेच. सकाळी गंगापूर रोड, दुपारी द्वारका, संध्याकाळी नाशिकरोड. पेशंटची ओळख ऑपरेशनच्या टेबलावरच होते. हे बाबा निफाडकडचे, सत्तरी ओलांडलेले द्राक्षबागायतदार. हर्निया दुर्बिणीतून करायचा होता. छाटणी तोंडावर आलेली, म्हणून त्यांनाच घाई.

ऑक्सिजन लावला आणि फेंटानिल, म्हणजे अफूवर्गातलं जोरदार वेदनाशामक, दिलं. १०० मायक्रोग्रॅम, सावकाश. हे औषध भरकन सोडलं की अंग ताठरू शकतं, म्हणून मी सिरिंज कधीच दुसऱ्याच्या हातात देत नाही. "बाबा, कसं वाटतंय?" विचारलं. उत्तर आलं नाही. प्रोपोफॉल हे झोपेचं औषध देऊन तोंडावर मास्क धरला, श्वास देणारी बॅग दाबली. आत हवा जाईना.

हनुवटी वर घेतली, दोन्ही हातांनी मास्क धरला, सिस्टरांना बॅग दाबायला लावली. तरी छाती हलेना. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ सपाट. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला तसा पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरायला लागला. तो सूर भूलतज्ज्ञाला मॉनिटरकडे न बघताही कळतो. सर्जन म्हणाले, "दमा आहे का हो यांना?" स्टेथोस्कोप लावला, तर घरघर नाही की श्वासाचा आवाजही नाही. पोटावर हात ठेवला. फळीसारखं टणक. जबडा आवळलेला, कोपरं दुमडलेली.

तिथे उलगडा झाला: फेंटानिलनेच अंग ताठरलं होतं. ट्रेमध्ये स्कोलीन, स्नायू झटकन सैल करणारं औषध, भरून ठेवलेलंच होतं. ते फ्रीजमध्ये पडून राहावं आणि वेळेला धावाधाव व्हावी, हे मला खपत नाही. दिलं. स्नायू फडफडले आणि मिनिटभरात सगळं सैल पडलं. श्वासनलिकेत नळी सहज गेली, सूर पुन्हा चढला. ऑपरेशन वेळेत झालं.

ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूवर्गातल्या औषधांमुळे, असं होतं हे फेंटानिल यायच्याही आधी, १९५३ पासून नोंदलेलं आहे. बिघाड स्नायूत नसतो. मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे ही औषधं जिथे चिकटतात त्या जागेवर, औषध बसतं आणि तिथून ताठरण्याचा हुकूम सुटतो. छाती तर आवळतेच, पण स्वरतंतूही मिटतात, आणि खरी अडचण बहुतेकदा तिथेच होते. जास्त डोस, घाईने दिलेलं इंजेक्शन, फार लहान किंवा फार मोठं वय, ही नेहमीची कारणं. इथे डोस नेहमीचा, वेग सावकाश. मग वयामुळे? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

पण जास्त सलतंय ते वेगळंच. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची तारीख होती, पथ्य होतं, सर्जनचं नाव होतं. भुलेबद्दल एक ओळ नाही. छापील कार्डात तेवढी जागाच नव्हती. उद्या याच बाबांना दुसऱ्या हॉस्पिटलात कुणी फेंटानिल देईल, त्याला हे कळणार कुठून? मी लेटरहेडवर औषधाचं नाव, डोस, काय झालं आणि कशाने सुटलं ते लिहिलं, मुलाला बाहेर बोलावून समजावलं. "मॅडम, म्हणजे बाबांना ॲलर्जी आहे?" ॲलर्जी नाही, हे दोनदा सांगावं लागलं, तो शब्द एकदा चिकटला की पुढचा डॉक्टर भलत्याच वाटेने जातो. चिठ्ठी लॅमिनेट करून आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगितली.

परवा त्याचा फोन आला. बाबांचा मोतीबिंदू काढायचाय, चिठ्ठी तिथेही दाखवायची का? म्हटलं, तिथे बहुधा नुसता डोळाच बधिर करतील, पण दाखवाच.