छर्रा दिसला, पण सरळ जाताना नाही

दहापैकी सात! रविवारी सकाळी एअर रायफलने 50 मीटरवर झाडलेल्या दहा छऱ्यांपैकी सात मी स्कोपमधून थेट कागदात शिरेपर्यंत पाहिले. सूर्य पाठीमागे, जेमतेम वर आलेला. छऱ्याच्या स्कर्टची (मागच्या पोकळ घेराची) कड चमकते, वर चढते आणि क्रॉसहेअरवर उतरते. पहिला दिसला तेव्हा मी बोल्ट ओढायची विसरले.

उडता छर्रा दिसत नाही याचा सगळा दोष गेल्या दोन नोंदींत मी झाडताना मिटणाऱ्या पापण्यांना दिला होता. रिकाम्या ट्रिगरवर डोळे उघडे ठेवायचा सराव कामी आला, पण खरा अडसर पॅरालॅक्सचा, म्हणजे स्कोप कोणत्या अंतरावर स्वच्छ दाखवेल ते ठरवणाऱ्या चकतीचा होता. तो 50 वर ठेवला की कागद स्वच्छ आणि वाट धूसर. 30 वर आणला, मॅग्निफिकेशन 16 वरून 8 केलं, आणि छर्रा दिसायला लागला. हिशोबही जुळतो: 5.5 मिमीचा छर्रा 25 मीटरवर डोळ्याशी पाऊण कलेचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतो, आठपटीत तो सहा कला होतो. साधारण नजरेला एक कला पुरते. वेग 180 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे प्रवास सुमारे 0.3 सेकंद, आणि मध्यावर तो दृष्टिरेषेच्या आठ-नऊ सेंमी वर असतो. स्प्रिंग रायफलच्या धक्क्यात हे जमलं नसतं. यासाठी पीसीपीच (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, जवळजवळ धक्का न देणारी रायफल) हवी, असं माझं ठाम मत झालंय. (फुलबोअरवाले, म्हणजे बारूदाच्या मोठ्या रायफली चालवणारे, ‘ट्रेस’ बघतात ती ध्वनीपेक्षा वेगवान गोळीने दाबलेल्या हवेची लाट. माख आणि साल्शर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1886 मध्ये फोटोत पकडली ती हीच. आपला छर्रा ध्वनीच्या निम्म्या वेगाचा, त्यामुळे इथे दिसतो तो छर्राच.)

आता खरी डोकेदुखी. त्या सातांतले तीन शेवटच्या दहा-बारा मीटरांत मळसूत्रासारखे वेढे घेत गेले. 25 मीटरवर एकाच भोकात बसणारा ग्रुप (छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) 50 वर चार सेंमी का फुटतो, याचं खापर मी वर्षभर वाऱ्यावर फोडत होते. वारा नव्हताच.

नळी साफ केली, फरक शून्य. मॉडरेटर (नळीच्या टोकाचा आवाज कमी करणारा भाग) काढून पाहिला, तोच प्रकार. मग अख्खा डबा काचेवर ओतून एकेक छर्रा लोळवला. वेडावाकडा लोळणारा बाजूला. जवळजवळ पाचवा हिस्सा स्कर्ट चेपलेला निघाला! पातळ पत्र्याच्या, आत फोम नसलेल्या डब्यात छर्रे पाठवणाऱ्याकडून मी पुन्हा घेणार नाही. निवडलेल्या दहांत आठ दिसले, त्यांतले दोन फिरले. म्हणजे सुधारणा आहे, सुटका नाही.

पुढचा संशय वेगावर. पुढे जाताना छऱ्याचा वेग लवकर घटतो, स्वतःभोवतीची गिरकी तितकी घटत नाही. त्यामुळे लांबवर गिरकी गरजेपेक्षा जास्त होते. रेग्युलेटरचा (हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाचा) दाब उतरवून वेग 170 वर आणायचा बेत होता.

पण हे लिहिताना सुचलं: आधी मोबाइल स्कोपमागे बांधते. सेकंदाला 240 फ्रेम, म्हणजे एका छऱ्याचे सत्तरेक फ्रेम. वेढा नेमका कुठे सुरू होतो हे कळलं, तर रेग्युलेटरला हात लावायचा की नाही ते ठरवता येईल. क्लॅम्प आहे, फक्त आयपीसशी मध्य जुळवायचाय. निवडलेले चाळीस छर्रे वेगळ्या डबीत कापसात ठेवलेत.