कोल्हापूर ते बेळगाव ते जांबोटी : हायवेवर गाडी बंद पडली तर काय करायचं (एसओएस खांब, १०३३ आणि बाकी)

श्रावणात आईबाबांना घेऊन कोल्हापूरहून बेळगावला आणि तिथून पुढे जांबोटीला मामांकडे जाऊन आलो. रस्ता, पाऊस, हिरवळ, बेळगावचा कुंदा, यावर सगळ्यांनीच लिहिलंय त्यामुळे ते सोडतो. मला लिहायचंय ते हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या त्या एसओएस खांबांबद्दल, म्हणजे बटन दाबून थेट मदत मागता येते त्या खांबांबद्दल, कारण आम्हाला त्याची खरंच गरज लागली आणि नंतर ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांनी रोज त्या रस्त्याने जाऊनही तो खांब कधी नीट बघितलेला नव्हता.

कोगनोळीचा टोल ओलांडला, निपाणी मागे पडली, स्तवनिधी गेलं आणि तवंदी घाटाची चढण लागली तसा टेम्परेचरचा काटा भर्रकन वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाइप फुटला होता. रिमझिम पाऊस, धुकं आणि मागून लोड भरलेले ट्रक घुरघुरत चढतायत. गाडी जेवढी डावीकडे घेता येईल तेवढी घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि आईबाबांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं केलं. आई म्हणत होती पावसात कशाला, गाडीतच बसतो की. नाही म्हणजे नाही. कडेला थांबलेल्या गाडीला मागून ठोकर बसते तेव्हा आत बसलेल्या माणसाला काही करता येत नाही, धुक्यात तर अजिबात नाही, त्यामुळे माणसं आधी बाहेर, भिजली तरी चालतील. मग लाल त्रिकोण घेऊन रेलिंगच्या पलीकडूनच मागे चालत गेलो आणि चांगला पन्नास-साठ पावलांवर ठेवला. गाडीच्या बुडाशी ठेवलेल्या त्रिकोणाचा काही उपयोग नाही, ट्रकवाल्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

खांब थोडा पुढे दिसत होता. वर छोटं सोलर पॅनेल, खाली पेटी, पेटीला बारीक भोकांची जाळी आणि एक मोठं बटन, एवढंच. रिसिव्हर नसतो. बटन एकदा दाबायचं, सोडायचं आणि थांबायचं, लोक दाबत राहतात आणि बंद आहे म्हणून निघून जातात, तसं करू नका. रिंग गेल्यासारखा आवाज आला आणि समोरून आधी कन्नड, मग हिंदी, मी अडखळतोय बघून तो म्हणाला, "मराठी काय ओ? मग मराठीत बोला की." ट्रक शेजारून गेला की काही ऐकू येत नाही, तो जाईपर्यंत थांबा आणि तोंड जाळीजवळ नेऊन बोला.

आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की तुम्ही कुठे आहात असं त्याने विचारलंच नाही. कुठल्या खांबावरून फोन आलाय ते त्यांना कंट्रोल रूममध्ये कळतं. त्याने विचारलं ते एवढंच की गाडी बेळगावकडे तोंड करून आहे की निपाणीकडे, कुणाला लागलंय का, आणि गाडी कुठली. घाबरलेल्या माणसाला, रात्री, अनोळखी रस्त्यावर "मी कुठे आहे" हे सांगणं हेच सगळ्यात अवघड असतं आणि ते काम तो खांब स्वतः करतो. मोबाईल आल्यावर हे खांब कशाला असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पेट्रोलिंगची गाडी आली, त्यांनी मागे रस्त्यावर ठेवायचे ते ट्रॅफिक कोन लावले, मग क्रेन आली आणि घाट चढवून दिला. पुढचं संकेश्वरच्या मेकॅनिकने केलं. आमच्याकडून क्रेनचे पैसे घेतले नाहीत, पण कुठपर्यंत सोडणार ते आधीच विचारून घ्या, आणि बाहेरचा क्रेनवाला येऊन चिकटला तर रेट ठरल्याशिवाय हुक लावू देऊ नका.

संकेश्वरपासून पुढे, हत्तरगी टोल, वंटमुरी घाट, काकतीपर्यंत मी खांबच बघत होतो. काही धडधाकट, एकाचं पॅनेलच गायब, एकाच्या पेटीचं झाकण उघडं आणि वायरी लोंबतायत, एक तर वेलीत पूर्ण गुरफटलेला. जीव तुटतो हे बघून. ज्यांच्या ताब्यात ते आहेत त्यांनी महिन्यातून एकदा बटन दाबून बघितलं तरी खूप झालं. कुणाला असा मेलेला खांब दिसला तर १०३३ वर कळवा, मी कळवलंय.

१०३३ हा नॅशनल हायवेचा टोल-फ्री नंबर, चोवीस तास, खांब नसेल किंवा मेलेला असेल तर हाच. फक्त इथे ठिकाण तुम्हाला सांगावं लागतं. म्हणून किलोमीटरच्या दगडांवर लक्ष ठेवायची सवय लावा, नॅशनल हायवेच्या दगडाचं डोकं पिवळं असतं. कर्नाटकात शिरल्यावर काही दगडांवर गावाचं नाव फक्त कन्नडमध्ये असतं, वाचता आलं नाही तर आकडा सांगा, शेवटचा मोठा पूल, टोल, गाव सांगा आणि बेळगावकडे जाणारी लेन की कोल्हापूरकडे ते सांगायला विसरू नका, डिव्हायडरमुळे चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला लांबून वळून यावं लागतं.

११२ म्हणजे पोलीस आणि बाकी तातडीच्या मदतीचा नंबर, तो लावताना दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कागल-कोगनोळी पट्ट्यात एक काळजी घ्या. फोन कुठल्या टॉवरला चिकटलाय त्यावर तो महाराष्ट्रात लागेल की कर्नाटकात हे ठरतं, म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य आणि जिल्हा सांगून टाका. अँब्युलन्सला १०८, दोन्ही राज्यांत तोच.

दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनाही लागू आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये नेलं की पैशासाठी अडत नाही, हे नातेवाइकांना सांगा.

ऊसाच्या सीझनला रात्री जाणार असाल तर संकेश्वरच्या आसपास फार सांभाळून, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे लाइट नसताना चाललेले असतात. आणि पावसाळ्यात निघायच्या आधी यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी कुठवर आलंय विचारून घ्या, २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद झाला होता.

बेळगावहून जांबोटी-कणकुंबी-चोर्ला या रस्त्याला हे सगळं विसरा. खांब मला एकही दिसला नाही आणि जांबोटीनंतर रेंज येते-जाते. स्टेपनीत हवा बघून, टाकी भरून निघा, मॅप आधीच डाउनलोड करा आणि घाटात शिरायच्या आधी घरच्यांना फोन करून किती वाजेपर्यंत खाली उतरणार ते सांगा. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर लागू शकतो. नाहीच लागला तर गाडी सोडून जंगलात चालत जाऊ नका, गोव्याकडून येणाऱ्या पहिल्या गाडीला हात करा आणि जांबोटीत निरोप द्यायला सांगा.