पराभूत पिचरचा रकाना

आमच्या कामात पेपर वाचायचा नसतो. अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मचे स्कॅन पुण्यात येतात, सॉफ्टवेअर त्यातली अक्षरं ओळखतं आणि ते जिथे ठेचकाळतं तिथे आम्ही हात देतो. वाचत बसलं की टार्गेट बोंबलतं. क्रीडापानं कुणालाच नको असतात, कारण बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा तक्ता, हे मुंगीएवढ्या टायपातले आकडे. आडनाव रकान्यात मावलं नाही की जुळारी मधली अक्षरं गाळून अ‍ॅपॉस्ट्रॉफी ठोकायचा. ती पानं माझ्या गळ्यात पडली ती केवळ मला नाही म्हणता येत नाही म्हणून. तीन वर्षं झाली, आता दुसऱ्या कुणाला देववत नाहीत.

कारण बॉक्स स्कोअर खोटं बोलू शकत नाही. एका संघाचे अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या मोजलेल्या पाळ्या), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेले बेस), सॅक्रिफाइस (सहकाऱ्याला पुढे सरकवायला स्वतः बाद होणं) आणि चेंडू अंगावर बसून मिळालेले बेस यांची बेरीज करायची. दुसऱ्या बाजूला त्याच संघाचे रन्स, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाचे पुटआउट, म्हणजे त्यांनी बाद केलेले गडी. दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत. नाही जुळल्या तर कुठेतरी ३ चा ८ झालेला असतो. यजमान संघ पुढे असेल तर नवव्या डावात तो बॅटिंगलाच येत नाही, तिथे 'एक्स' छापतात, आणि सॉफ्टवेअर त्या एक्सला हटकून आकडा समजतं. ही ताळ्याची युक्ती मी टीमला दोनदा शिकवली. दोन्ही वेळा टीम मोबाइल बघत होती.

त्या आठवड्यात कॉटन स्टेट्स लीगची बॅच होती. मायनर लीग म्हणजे बेसबॉलची तालुका पातळी. त्यातही ही क दर्जाची. १९०२ मध्ये सुरू झाली, अनेकदा बंद पडली, पुन्हा उभी राहिली आणि १९५५ नंतर कायमची मिटली. मिसिसिपी, आर्कन्सॉ, लुइझियाना इथली लहान गावं: ग्रीनव्हिल, नॅचेझ, एल डोराडो, मन्रो. १९४९ मध्ये अमेरिकेत अशा ५९ लीग्ज होत्या. मग घरोघरी टीव्ही आला आणि मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसायला लागले. गावच्या मैदानावर डास मारत कोण बसणार?

२१ मे १९५३चं पान उघडलं. आदल्या संध्याकाळचा सामना, आर्कन्सॉचं हॉट स्प्रिंग्ज विरुद्ध मिसिसिपीचं जॅक्सन. निकाल होता, ९–०. बॉक्स स्कोअर नव्हता. मी आधी पान फाटलंय का ते पाहिलं, मग पुढच्या पानावर शोधलं. शेवटी मोडायचा नाही तो नियम मोडला आणि बातमी वाचली.

हॉट स्प्रिंग्जने त्या वर्षी जिम आणि लिअँडर टगरसन या दोन कृष्णवर्णीय भावांना घेतलं होतं. दोघेही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. मिसिसिपीच्या अ‍ॅटर्नी जनरलने सांगितलं, मिश्र संघ आमच्या राज्याच्या धोरणात बसत नाहीत. एप्रिलमध्ये लीगने आख्ख्या हॉट स्प्रिंग्जलाच हाकललं. सगळ्या मायनर लीग्जच्या वर बसलेल्या जॉर्ज ट्रॉटमन यांनी तो ठराव फिरवला. तरी भाऊ गेले नॉक्सव्हिलला, ड दर्जाच्या लीगमध्ये. मे महिन्यात क्लबने जिमला परत बोलावलं. घरचं मैदान, समोर जॅक्सन. तो पिचिंगला उभा राहिला आणि पहिला चेंडू टाकायच्या आत लीगच्या अध्यक्षांच्या हुकमावरून सामना जॅक्सनला बहाल झाला. कबड्डीत समोरचा संघ आलाच नाही तर 'पुढे चाल' मिळते, तसं. फरक इतकाच की इथे समोरचा संघ हजर होता. ९–० हा नियमाने ठरलेला आकडा आहे, डावाला एक धाव या हिशेबाने.

खरी अडचण इथून पुढची. आमच्या फॉर्ममध्ये 'पराभूत पिचर' हा रकाना सक्तीचा. रिकामा ठेवला की लाल होतो आणि बॅच पुढे सरकत नाही. न खेळलेल्या सामन्यात पराभूत पिचर असूच शकत नाही. स्कोअरिंगचा नियम तेच सांगतो आणि डोकंही. मी 'टी' टाइप केलं. खेळाडूंची यादी क्लाएंटने आधीच भरलेली, त्यामुळे खाली टगरसन हे नाव आपोआप उघडलं. एंटर दाबायचा अवकाश.

टीम लीड मॅडम म्हणाल्या, "अगं, उभा तोच होता ना? टाक आणि मोकळी हो." मॅडम वाईट नाहीत. त्यांच्यावर आकड्यांचा दट्ट्या आहे आणि तो देणाऱ्यांनी एकही पान कधी उघडून बघितलेलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, त्याने एकही चेंडू टाकला नाही. टाकू दिला नाही." त्या म्हणाल्या, "ते फॉर्मला कळत नाही."

अर्धा तास गेला. क्लाएंटला मेल करू का विचारलं, तर एका रकान्यासाठी मेल करायचा नाही असं उत्तर. शेवटी 'अज्ञात' निवडलं. ते चालतं. रकाना हिरवा झाला, बॅच गेली.

पण अज्ञात काय होतं त्यात? सगळंच ज्ञात होतं. त्या गावात प्रत्येकाला नाव माहीत होतं. पराभव त्याच्या नावावर चढवला नाही हे बरं केलं, पण तो तिथे उभा होता हेही त्या फॉर्ममधून मीच पुसलं. शेऱ्याच्या जागेत लिहायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आणि गेलेली बॅच परत उघडत नाही.

पुढे जिमने लीगवर ५०,००० डॉलर्सचा दावा लावला, तो फेटाळला गेला. १९५४ मध्ये त्याच हॉट स्प्रिंग्जकडून कृष्णवर्णीय खेळाडू खेळले. दुसऱ्या वर्षी लीगच आटोपली.

मागच्या सोमवारी नॉक्सव्हिलची पानं आली, १९५३चीच. त्या मोसमात जिमने तिथे २९ सामने जिंकले. पहिल्या बॉक्स स्कोअरमध्ये त्याचं आडनाव अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालून चेपलेलं, सॉफ्टवेअरने त्याचा पार चुराडा केलेला. अक्षर अक्षर लावलं, दोन्ही बेरजा जुळवल्या, 'विजयी पिचर'मध्ये नाव भरलं. त्या दिवशी माझं टार्गेट अकरा पानांनी हुकलं. मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं स्कॅन खराब होता.