नाक्यावरची वही

मे 2020 मध्ये मी जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील नाक्यावर ड्यूटीला होतो. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद असल्यामुळे आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना तेथे बसवले होते. येणाऱ्याचे नाव, गाव, गाडी क्रमांक आणि प्रवासाच्या परवानगीच्या पासचा क्रमांक वहीत उतरवायचा. पास नसेल तर पोलीस त्याला परत पाठवत. नाक्यापासून शंभरेक पावलांवर, लिंबाखाली, शेजारच्या गावातील पोरांनी पाण्याचा टँकर उभा केला होता आणि घरोघरून भाकरी गोळा करून ती पोरे पायी जाणाऱ्यांना वाढत होती. ड्यूटी संपली की मीही तेथे हाताशी लागत असे. एका हाताने अडवायचे आणि दुसऱ्या हाताने वाढायचे, असा तो सगळा प्रकार होता.

8 मे रोजी सकाळी मी पोहोचलो, तेव्हा पोरांचे फोन थांबत नव्हते. बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान पहाटे सव्वापाचच्या सुमारास मजूर मालगाडीखाली सापडले होते. मृतांचा आकडा 16 झाला. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतील ही माणसे मजुरांना गावी नेणारी श्रमिक रेल्वे मिळेल या आशेने भुसावळकडे निघाली होती. रात्रभर रुळांच्या कडेने सुमारे 36 किलोमीटर चालल्यावर ती रुळांवरच टेकली आणि तेथेच त्यांचा डोळा लागला. रेल्वे बंद आहे, अशीच त्यांची समजूत होती. थोडे बाजूला विसावलेले वाचले. गावी जाण्याच्या पाससाठी आपण अर्ज केले होते, पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले.

मी वही उघडून मागची पाने चाळली. शहडोल किंवा उमरिया असे कोठे लिहिले आहे का, ते बोट फिरवत पाहिले. नव्हते, आणि असणारही नव्हते. आमच्यासारखे नाके चुकवण्यासाठीच तर लोक डांबरी रस्ता सोडून रुळांवर उतरत होते. त्याच आठवड्यात परत पाठवलेल्या एका टोळीने मला विचारले होते, “साहब, पटरी किधर पड़ेगी?” आणि मी हात करून दिशा दाखवली होती, वाट चुकणार नाहीत, उन्हात पोलिसांचा त्रासही होणार नाही, एवढाच विचार तेव्हा मनात आला होता. ती टोळी वेगळी होती, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी मला तो हात कोठे ठेवावा ते कळत नव्हते.

अकराच्या सुमारास गावातील एक मामी रोजच्याप्रमाणे डोक्यावर टोपले घेऊन आल्या. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. एका पोराने तो त्यांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला. “कुण्या मायची लेकरं गं बाई,” एवढे म्हणून त्या टोपल्याजवळ बसल्या आणि फडक्याखालच्या भाकरी एकेक करून मोजू लागल्या. सोळा बाजूला काढून झाल्यावर त्यांनी त्या वेगळ्या फडक्यात बांधल्या. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी नेऊन देतात. ही गाठोडी न्यायची कोणाच्या घरी, हे मामींनी विचारले नाही आणि आम्हीही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत ती लिंबाच्या बुंध्याशी तशीच होती.

मृतदेह रेल्वेने जबलपूरकडे पाठवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी टँकर नाक्यावरून हलवला आणि रुळांकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या तोंडाशी नेला. चौघांनी रात्री बॅटऱ्या घेऊन रुळांच्या कडेने फिरायचे, कोणी चालताना दिसला तर त्याला खाली उतरवायचे आणि सकाळपर्यंत शाळेच्या ओसरीवर झोपवायचे, असे ठरले. शाळेची किल्ली मी दिली. त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही. काही दिवसांनी राज्याच्या सीमेपर्यंत एसटीच्या मोफत गाड्या सुरू झाल्या. तोवर ओसरीवर रोज माणसे असत. त्यांची नावे मी दुसऱ्या वहीत लिहीत असे: नाव, गाव आणि घरचा फोन नंबर. त्या वहीत पासचा रकाना आखला नव्हता.