परसबागेची सुरुवात कुठल्या ऋतूत करावी?

परसबाग सुरू करू इच्छिणारी मंडळी बहुधा कुंड्या कुठल्या घ्याव्यात आणि खत कुठले घालावे हे आधी विचारतात. ऋतूचा विषय निघतो तो रोपे माना टाकू लागल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. बी रुजते ते मातीची ऊब आणि ओलावा यांच्या आधाराने, आणि पुढे झाड नुसते पानांनी भरते की फुलावर येते, हे दिवसाची लांबी आणि तापमान यांवर बरेच अवलंबून असते. म्हणून बियाणे घेण्यापूर्वी येते दोन-तीन महिने हवा कशी राहणार आहे, याचा अंदाज घ्यावा आणि त्यातूनच पिकाची निवड करावी.

हिवाळा सौम्य असणाऱ्या प्रदेशात पाऊस ओसरून हवेत गारवा येऊ लागतो, तो काळ नवशिक्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. कुंडीतली माती लवकर कोरडी पडत नाही आणि पाण्याचा अंदाज थोडा चुकला तरी रोप तग धरते. मेथी, पालक, मुळा ही पिके या हवेत आनंदाने वाढतात, त्यांना कुंडीची खोलीही फार लागत नाही; पालेभाजीला 15 ते 20 सेंटीमीटर माती पुरते आणि दिवसाचे चार तास ऊन मिळाले तरी चालते. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला मिळते, त्यामुळे नव्या माणसाचा उत्साह टिकतो. कडाक्याची थंडी आणि दंव पडणाऱ्या प्रदेशात हीच पिके वसंताच्या सुरुवातीला किंवा शरदात घ्यावीत.

कोथिंबिरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक निराशा तिच्याच वाट्याला येते. धण्याचा गोल दाणा हे दोन बिया जोडलेले फळ असते. तो हलक्या हाताने रगडून दोन भाग करावेत, पण चुरा होऊ देऊ नये; मग रात्रभर पाण्यात भिजवून सुमारे एक सेंटीमीटर खोल पेरावे. उगवायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कंटाळून माती उकरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. उष्णता वाढली आणि दिवस मोठा झाला की कोथिंबीर दांडा उंच काढून फुलोऱ्यावर येते, पाने बारीक होत जातात आणि कुठलेही खत घालून ते थांबवता येत नाही. अखंड कोथिंबीर हवी असेल तर गार हवेच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरणी करणे हाच उपाय आहे. फुललेली रोपे मात्र मी उपटत नाही, कारण त्यांच्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात आणि मावा ही कीड खाणारे ढालकिडेही.

टोमॅटोचे गणित वेगळे आहे. त्याची रोपे वाफ्यात किंवा ट्रेमध्ये तयार करून चार ते सहा आठवड्यांनी मोठ्या कुंडीत लावावीत, आणि लावताना खोडाचा खालचा भाग मातीत गाडावा, कारण त्या खोडालाही मुळे फुटतात. कुंडी निदान 30 सेंटीमीटर खोल असावी आणि ऊन सहा तासांहून कमी नसावे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पुढे जाऊ लागले किंवा रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. अशा वेळी घाबरून नत्रयुक्त खत वाढवले जाते, त्याने पाने माजतात आणि फळधारणा आणखीच मागे पडते. खरे म्हणजे पेरणीच अशी साधावी की फुले येतील तेव्हा रात्री गार असतील. फळाचा खालचा भाग काळा पडून बसू लागला, तर पाणी देण्यातली अनियमितता आधी तपासावी. कॅल्शियम मातीत असूनही ओलावा सतत कमी-जास्त झाल्यास ते फळापर्यंत पोहोचत नाही.

उन्हाळा भेंडी, गवार, चवळी आणि काकडीचा. भेंडीच्या बियांना उबदार माती लागते, गार मातीत त्या उगवण्याऐवजी कुजतात. काकडीच्या वेलावर प्रथम बहुधा नरफुलेच येतात, ती गळून पडली म्हणून चिंता करू नये. मागे इवलीशी काकडी असलेले मादीफूल दिसले आणि आसपास मधमाश्या नसल्या, तर सकाळी नरफुलातले पराग त्यावर हलकेच टेकवावेत. मातीवर सुक्या पानांचा पाच सेंटीमीटर थर पसरला, तर पाण्याची गरज लक्षणीय कमी होते.

पावसाळ्यात बाकी कशापेक्षाही निचऱ्याकडे लक्ष द्यावे. मुळांना हवा लागते, आणि साचलेल्या पाण्यात ती गुदमरून कुजतात. कोवळ्या रोपांची मान बुंध्याशी बारीक होऊन ती आडवी पडतात, तीही अतिओलाव्यात फोफावणाऱ्या बुरशीमुळे. शिवाय पावसाच्या पाण्यासोबत कुंडीतली अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून पाऊस उघडला की कंपोस्टचा एक थर पुन्हा द्यावा. कंपोस्ट पूर्ण कुजलेलेच असावे. कच्चे शेणखत कुंडीत तापते आणि मुळे जाळते.

कुंडीत नुसती बागेतली माती भरू नये, ती पाण्याने घट्ट बसते. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतले की मिश्रण भुसभुशीत राहते आणि ओलावाही धरते.

एका ऋतूतले बियाणे पुढच्या वर्षासाठी उरतेच. ते कोरड्या, थंड जागी, पाकिटावर नाव आणि वर्ष लिहून ठेवावे. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांत उगवण्याची शक्ती गमावते, काकडीचे मात्र बरीच वर्षे टिकते. जुने बी वापरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि त्या पिकाला उगवायला लागतात तेवढे दिवस थांबावे. पाच-सहा उगवल्या तर पेरणी दुप्पट दाट करावी, आणि दोन-तीनच उगवल्या तर नवे बियाणे आणावे.